विश्लेषण : रॉबर्ट मोग यांच्या ‘शिडी’चा आवाज ६० वर्षांनंतरही का हवाहवासा?

उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी तीन-चार बोटे, दर्शनी बाजूला दोन-तीन नॉब आणि वायरी खोचायला पाच-सहा भोके. मॉड्युलर सिंथेसायझरच्या रॅकमध्ये बसणारे हे फिल्टर मॉड्यूल. एरवी त्याला स्वतःचा आवाज नसतो. शेजारच्या मॉड्यूलमधून आलेला आवाज त्यात शिरतो आणि कडा घासून, गोल होऊन बाहेर पडतो. जुन्या धाटणीची अशी ॲनालॉग फिल्टर आज अनेक देशांतील लहानमोठ्या कंपन्या बनवतात आणि त्यांच्या माहितीपत्रकात एक शब्द वारंवार दिसतो, ‘लॅडर’. म्हणजे शिडी. ही शिडी न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या छोट्या गावात रॉबर्ट मोग यांनी १९६०च्या दशकात बांधली. ज्यांच्या नावाने हा आवाज जगभर ओळखला जातो, त्यांना मात्र आयुष्यातली सुमारे २५ वर्षे स्वतःच्याच यंत्रावर स्वतःचे नाव लावता येत नव्हते. असे का झाले आणि त्या सर्किटमध्ये असे होते तरी काय?

मोग की मूग?

आधी उच्चाराचे पाहू. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’ असल्याने बहुतेक जण ‘मूग’ म्हणतात. आपल्याकडच्या स्टुडिओतही हाच उच्चार रूढ झाला. मराठी कानाला त्यात डाळ ऐकू येते हा भाग वेगळा. ते स्वतः आणि त्यांचे कुटुंबीय ‘मोग’ असा उच्चार करीत. लोक चुकीचे नाव घेत तरी त्यांनी त्यावरून कधी फारसा वाद घातला नाही. इथे आपण त्यांचाच उच्चार वापरू.

सुरुवात हवेत हात फिरवण्यापासून

रॉबर्ट आर्थर मोग यांचा जन्म २३ मे १९३४ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील वीज कंपनीत अभियंता. घरातच त्यांची छोटी कार्यशाळा होती. मुलाने पियानो शिकावा असा आईचा आग्रह होता आणि त्यासाठी ती त्याला तासन् तास बसवत असे. मुलाचा जीव मात्र वडिलांच्या सोल्डरिंगच्या टेबलाकडे ओढ घेई. पुढे आयुष्यभर मोग यांनी जे केले, ते या दोन्ही गोष्टींच्या मधल्या जागेत बसून केले, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

किशोरवयातच त्यांनी मासिकातला आराखडा पाहून थेरेमिन तयार केले. रशियन संशोधक लेव टर्मेन यांनी १९२०च्या सुमारास शोधलेले हे वाद्य स्पर्श न करता वाजते. दोन अँटेनांच्या जवळ हवेत हात हलवायचे. एका हाताने सूर वर-खाली होतो, दुसऱ्याने आवाज लहान-मोठा होतो. तरुण मोग यांनी थेरेमिन बनवून विकायला सुरुवात केली, वडिलांच्या मदतीने घरातच छोटी कंपनी काढली आणि १९५४ मध्ये एका रेडिओविषयक मासिकात थेरेमिन कसे बनवावे यावर लेखही लिहिला. ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स, मग क्वीन्स कॉलेजात भौतिकशास्त्र, कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि शेवटी कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी, असे त्यांचे शिक्षण झाले. पीएचडी रेंगाळली. १९५७ मध्ये कॉर्नेलला गेलेल्या मोग यांना ती मिळायला १९६५ उजाडले.

रेंगाळण्याचे कारण साधे होते. संसार सुरू झाला होता आणि थेरेमिनचा धंदा बरा चालला होता. १९६१ मध्ये ट्रान्झिस्टर वापरून बनवलेल्या त्यांच्या थेरेमिनचे सुटे भाग ४९.९५ डॉलरला मिळत. ते घ्यायचे आणि घरी जोडायचे. असे सुमारे हजार संच त्यांनी विकले. या कमाईच्या बळावर १९६३ मध्ये ते कॉर्नेलपासून जवळच असलेल्या ट्रुमन्सबर्गला गेले आणि तिथल्या मुख्य रस्त्यावर त्यांनी दुकानवजा कारखाना थाटला.

सिंथेसायझर कोणाच्या डोक्यातून निघाला?

१९६३च्या अखेरीस रॉचेस्टर येथे संगीत शिक्षकांच्या एका परिषदेत मोग आपली थेरेमिन मांडून बसले होते. तिथे हर्बर्ट डॉइच हे संगीतकार आणि प्राध्यापक त्यांना भेटले. डॉइच आपल्या विद्यार्थ्यांचे कान तयार करण्यासाठी मोग यांचेच थेरेमिन वापरत होते. गप्पांचा विषय इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला.

त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत करणे हे टेपच्या तुकड्यांचे काम होते. प्रयोगशाळेतल्या ऑसिलेटरचा एक सूर टेपवर घ्यायचा, ब्लेडने टेप कापायची, पुढचा सूर घ्यायचा आणि तुकडे चिकटवायचे. काही सेकंदांच्या संगीतासाठी दिवस जात. कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रात आरसीए कंपनीचा एक सिंथेसायझर होता खरा, पण तो अख्खी खोली व्यापणारा आणि कागदाच्या पट्टीवर भोके पाडून चालवायचा. साध्या संगीतकाराला परवडेल आणि हाताळता येईल असे काही बनवता येईल का, हा डॉइच यांचा प्रश्न होता.

१९६४च्या उन्हाळ्यात डॉइच ट्रुमन्सबर्गला आले. मोग यांनी दोन ऑसिलेटर आणि एक ॲम्प्लिफायर बनवले. त्यातली युक्ती अशी, की ऑसिलेटरचा सूर नॉब फिरवूनच बदलायला हवा असे नाही. त्याला विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज दिला तरी तो बदलत होता. दाब एका व्होल्टने वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो, असे प्रमाण त्यांनी पुढे रूढ केले. एका मॉड्यूलचे व्होल्टेज दुसऱ्याला वायरीने जोडायचे आणि मग एक यंत्रच दुसऱ्या यंत्राचा नॉब फिरवते. सूर कधी सुरू व्हावा आणि कसा विरावा हे ठरवण्यासाठी काहीतरी कळ हवी होती, तेव्हा डॉइच यांनी हार्डवेअरच्या दुकानातून दारावरच्या घंटेचे बटण विकत आणले. आज प्रत्येक कीबोर्डवर ज्याला ‘एन्व्हलप’ म्हणतात, त्याची सुरुवात या घंटेच्या बटणाने झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या पहिल्या यंत्रात फिल्टर नव्हताच. तो असावा अशी सूचना टोरंटो विद्यापीठाच्या स्टुडिओतील संगीतकार गुस्ताव चियामागा यांची. एन्व्हलपचे चार टप्पे कसे असावेत हे व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी नेमके सांगितले. पियानोसारखा कीबोर्ड असावा हे डॉइच यांचे मत, तर उसाचेव्स्की यांचा त्याला विरोध. मोग ऐकून घेत, बनवत आणि पाठवून देत. स्वतःला ते संगीतकार म्हणवत नसत. ते वाद्ये घडवणारे कारागीर होते आणि ज्या कारागिराच्या दुकानात वादक येऊन बसतात त्याची वाद्ये सुधारत जातात, हे मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना वेगळे सांगायला नको.

फिल्टर नेमके करतो काय?

लग्नाची वरात दूरच्या गल्लीत असते तेव्हा डीजेचा फक्त ‘धड धड’ आवाज ऐकू येतो. गाणे कोणते ते कळत नाही. वरात कोपऱ्यावर वळली की झांजा, टाळ्या, गाण्याचे शब्द सगळे एकदम उघडते. मधल्या भिंतींनी उंच पट्टीचे आवाज अडवले होते आणि खालचे तेवढे येऊ दिले होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत त्या भिंती म्हणजे ‘लो-पास फिल्टर’.

दुसरे उदाहरण आपल्या तोंडातच आहे. एकाच सुरावर ‘अ-उ-म’ म्हणून पाहा. गळ्यातला सूर तोच राहतो. ‘अ’ उघडा आणि उजळ, ‘उ’ मंद आणि ‘म’ जवळजवळ झाकलेला. ओठ मिटत गेले तसे मूळ सुराच्या वरचे उपस्वर कापले गेले. सिंथेसायझरचा ऑसिलेटर उपस्वरांनी खच्चून भरलेला, भुणभुणणारा आवाज देतो. त्यातले किती ठेवायचे आणि किती कापायचे हे फिल्टर ठरवतो. कापण्याची सीमा म्हणजे ‘कटऑफ’. ही सीमा सूर सुरू असतानाच हलली की यंत्र ‘वाव्’ म्हणते आणि निर्जीव आवाजाला तोंड फुटल्यासारखे वाटते.

फिल्टरवरचा दुसरा नॉब ‘रेझोनन्स’चा. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटवून पुन्हा आत सोडला, की कटऑफच्या आसपासचे उपस्वर ठळक होतात. कटऑफ हळूहळू सरकवला तर एकेक उपस्वर वेगळा उजळून निघतो. तंबोऱ्याच्या जवारीत दोरा सरकवताना जे ऐकू येते, त्याच्याशी याचे नाते आहे. रेझोनन्स आणखी वाढवला तर फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवू लागतो. सभेत माइक लाऊडस्पीकरसमोर आला की जे होते तेच, फक्त इथे ती शिट्टी सुरात लावता येते.

शिडी कशी बांधली?

साधा फिल्टर बनवायला एक रोध आणि एक कपॅसिटर पुरतो. रोध बदलला की कटऑफ बदलतो. जुन्या रेडिओचा ‘टोन’ नॉब हेच करीत असे. मोग यांच्यापुढचा पेच वेगळा होता. नॉब फिरवायला हात नको, तो रोध व्होल्टेजने बदलायला हवा. शिवाय एक फिल्टर पुरेसा तीव्र कापत नाही, म्हणून एकामागे एक चार हवेत आणि चारही एकाच वेळी, एकाच प्रमाणात हलायला हवेत.

उत्तर ट्रान्झिस्टरच्या पोटात सापडले. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमध्ये एक डायोड दडलेला असतो. त्यातून जास्त प्रवाह गेला की त्याचा रोध कमी होतो, कमी गेला की वाढतो. मोग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचल्या आणि प्रत्येक जोडीच्या दोन खांबांमध्ये आडवा कपॅसिटर टाकला. कागदावर काढलेला आराखडा हुबेहूब शिडीसारखा दिसतो. दोन उभे खांब आणि चार पायऱ्या. तळाशी नियंत्रणाचे व्होल्टेज जो प्रवाह ठरवते, तोच प्रवाह चारही पायऱ्यांमधून जातो. त्यामुळे चारही पायऱ्या आपोआप एकत्र हलतात. वेगळी जुळवाजुळव नको. इतक्या थोड्या भागांत इतके काम करून घेणारी सर्किट क्वचितच सापडतात.

कटऑफच्या बरेच वर गेल्यावर प्रत्येक पायरी दर सप्तकामागे आवाजाची पातळी निम्मी करते. चार पायऱ्या म्हणजे निम्म्याचे निम्मे, असे चारदा. म्हणजे सोळावा हिस्सा. तांत्रिक वर्णनात लिहिलेले ‘२४ डेसिबल प्रति सप्तक’ ते हेच.

पण हे गणित झाले. गणिताने ज्याचा हिशेब नीटसा लागत नाही तोच भाग लोकांना आवडला. ट्रान्झिस्टरची ती जोडी फक्त काही मिलिव्होल्टपर्यंतच प्रामाणिक असते. त्याहून मोठा आवाज आला की लाटेची टोके अलगद चपटी होतात आणि मूळ आवाजात नसलेले नवे उपस्वर जन्माला येतात. रेझोनन्स वाढवला की खालचा खर्ज पातळ होतो. अगदी शिट्टी वाजण्याच्या सीमेवर तो सुमारे पाचव्या हिश्श्यावर येतो. मोजमापाच्या पट्टीवर या दोन्ही गोष्टी दोषच आहेत. कानाला मात्र पहिली उबदार वाटते, आणि दुसरीमुळे रेझोनन्सचा नॉब फिरवताना आवाज जणू अंग चोरतो. आजचे कारागीर या दोषांची नक्कल करण्यासाठी रात्री जागवतात.

मोग यांनी या फिल्टरच्या पेटंटसाठी ऑक्टोबर १९६६ मध्ये अर्ज केला आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांना ते मिळाले. ३४,७५,६२३ हा त्याचा क्रमांक. सिंथेसायझरचा डोलारा उभा करणाऱ्या बाकीच्या कल्पनांवर त्यांनी असा हक्क सांगितला नाही. बहुतेक सगळे त्यांनी शोधनिबंधांतून आणि परिषदांतून उघडपणे मांडले होते. दुसरे काय करणार, हा प्रश्नही होताच. पेटंट वकिलांची फी भरण्याइतका पैसा त्या दुकानात फारसा कधी नसे.

इतरांनी शिडीला वळसे घातले. लंडनच्या ईएमएस कंपनीने ट्रान्झिस्टरऐवजी डायोडची शिडी उभारली. अमेरिकेतल्या एआरपी कंपनीने सुरुवातीला मोग यांच्यासारखीच शिडी वापरली आणि पुढे ती काढून वेगळे सर्किट बसवले. जुन्या एआरपी यंत्रांच्या बाजारात ‘आधीच्या फिल्टरचे’ यंत्र वेगळे ओळखले जाते ते यामुळेच.

बाखच्या तबकडीने काय बदलले?

१९६८ पर्यंत मोग यांचे गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठे, जाहिरातींचे संगीत करणारे आणि काही हौशी प्रयोगकर्ते. त्या वर्षी वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही तबकडी आली. अठराव्या शतकातले योहान सेबास्टियन बाख यांचे संगीत, सगळे मोग सिंथेसायझरवर. यंत्र एका वेळी एकच सूर काढू शकत असे. त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी वाजवून आठ पट्ट्यांच्या टेपवर एकावर एक चढवावी लागली. यंत्र तापले की सूर सरकत, मग थांबून पुन्हा लावायचे. अनेक महिन्यांच्या या कष्टातून निघालेली तबकडी दहा लाखांहून अधिक खपली आणि तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. कार्लोस या मोग यांच्या सर्वात कडक परीक्षकही होत्या. कीबोर्डपासून फिल्टरपर्यंत काय चुकते आहे हे त्या सांगत आणि मोग दुरुस्त करीत.

मग रांग लागली. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी मोग सिंथेसायझर घेतला आणि १९६९च्या ‘ॲबी रोड’ अल्बममध्ये तो वाजला. कीथ इमर्सन यांनी तर ते भलेथोरले कपाट व्यासपीठावर नेले. १९७०च्या सुमारास कंपनीतच अभियंता बिल हेमसॅथ यांनी पडून असलेल्या सुट्या भागांतून एक छोटे यंत्र जुळवले. ना वायरींचे जाळे, ना कपाट. उचलून नेता येईल असे, ऑसिलेटर-फिल्टर-ॲम्प्लिफायर आतूनच जोडलेले. हाच ‘मिनीमोग’. किंमत सुमारे १,५०० डॉलर. १९८१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तो १२ हजारांहून अधिक विकला गेला. त्याच्या आतही तीच शिडी, आणि तीन ऑसिलेटरांचा एकत्र आवाज तिच्यावर असा आदळत असे की ती सतत थोडी भरून वाहत राहावी. पॉप, फंक, जॅझ, डिस्को या साऱ्यांतला तो जाड, मऊ खर्ज इथला.

भारताशी काही नाते?

आहे, आणि ते फार लवकरचे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मोग सिंथेसायझर बसवलेला इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओ उभा केला. संगीतज्ञ गीता साराभाई यांचा त्यामागे पुढाकार होता. ‘ॲबी रोड’ बाजारात येत होता त्याच सुमारास साबरमतीच्या काठी त्याच जातीच्या यंत्रावर भारतीय कलाकार प्रयोग करीत होते, हे आजही फारसे कोणाला ठाऊक नाही. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे केलेली ध्वनिमुद्रणे अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होती. त्यातली निवडक २०२३ मध्ये अल्बमच्या रूपात प्रसिद्ध झाली.

मुंबईशी धागा थोडा वळणाचा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन डिस्को तालावर दहा राग वाजवले. त्यातले एक यंत्र ‘टीबी-३०३’. त्याचा किंचाळणारा, गिळगिळीत खर्ज ज्या फिल्टरमधून येतो तो डायोडचा असला तरी घराणे शिडीचेच. ती तबकडी तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ‘ॲसिड हाउस’ हा प्रकार शिकागोत जन्मण्याआधीच मुंबईत कसा वाजला, यावर जगभर चर्चा झाली.

मग नाव कसे गेले?

‘स्विच्ड-ऑन बाख’नंतर आलेल्या मागणीवर विसंबून मोग यांनी माणसे वाढवली, माल भरला. ज्या स्टुडिओंना आणि विद्यापीठांना हे महागडे कपाट हवे होते त्यांनी ते एक-दोन वर्षांत घेऊन टाकले. मग मागणी आटली आणि डोक्यावर कर्ज उरले. मोग यांना हिशेबाची वही कधी जमली नाही. ज्या वर्षी मिनीमोग बाजारात येत होता, त्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्यांना कंपनी बिल वायटेना या उद्योजकाला विकावी लागली. वायटेना यांनी ती बफेलो शहराजवळ, जिलेटिनच्या एका जुन्या कारखान्यात हलवली. १९७३ मध्ये ती नॉर्लिन या मोठ्या वाद्य उद्योगाकडे गेली. कंपनीबरोबर ‘मोग’ हे व्यापारी नावही गेले.

मोग नोकर म्हणून तिथे राहिले. आपल्याच नावाच्या कंपनीत उत्पादन काय असावे याचा निर्णय आता दुसरे घेत होते. १९७७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी पत्नी शर्ली आणि चार मुलांसह नॉर्थ कॅरोलायना राज्यात ॲशव्हिलजवळच्या डोंगराळ भागात जाऊन राहिले. तिथे ‘बिग ब्रायर’ नावाने त्यांनी नवी छोटी कंपनी काढली. नाव वेगळे ठेवावे लागले, कारण स्वतःच्या आडनावाने वाद्य विकण्याची मुभा नव्हती. १९८०च्या दशकात काही वर्षे त्यांनी कर्झवाइल कंपनीत डिजिटल वाद्यांवर काम केले, मग ॲशव्हिलच्या विद्यापीठात शिकवले.

या काळात ॲनालॉगचे दिवस संपले असेच सगळे धरून चालले होते. १९८३ नंतर यामाहाच्या डिजिटल कीबोर्डांनी बाजार व्यापला. दशकाच्या उत्तरार्धात जुनी मोग कंपनीही बंद पडली. पेटंटची १७ वर्षांची मुदत १९८६ मध्ये संपली आणि शिडी सर्वांसाठी खुली झाली. गंमत म्हणजे तेव्हा ती कोणाला नको होती. जुने मिनीमोग अडगळीच्या भावात मिळत आणि ते उचलले कोणी, तर महाग डिजिटल कीबोर्ड न परवडणाऱ्या तरुण पोरांनी. त्यांच्याच संगीतातून पुढे या आवाजाला पुन्हा मागणी आली.

आजचे मॉड्यूल ‘तोच’ आवाज देते का?

१९९०च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी युरोरॅक हे माप आणले. मोग यांच्या जुन्या कपाटापेक्षा कितीतरी लहान, १२ व्होल्टवर चालणारे आणि कोणत्याही कंपनीचे मॉड्यूल शेजारी बसवू देणारे. त्यांच्या पहिल्याच मालिकेत शिडीच्या धर्तीचा फिल्टर होता. त्यानंतर अशा मॉड्यूलांचा पूर आला.

आराखडा तोच असला तरी आवाज तोच येतो असे नाही. शिडीच्या दोन्ही खांबांतले ट्रान्झिस्टर जुळे हवेत. ते जुळत नसतील तर नियंत्रणाचे व्होल्टेज आवाजात झिरपते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. जुन्या कारखान्यात कामगार ट्रान्झिस्टर मोजून जोड्या लावत. आज काही जण तसेच करतात, तर काही जण एकाच चिपवर घडलेल्या जोड्या वापरतात. चिपवरच्या जोड्या जास्त सारख्या असतात, त्यामुळे फिल्टर जास्त शिस्तीत वागतो. ती शिस्त हवी की नको यावर मतभेद आहेत. खर्ज पातळ होण्याचा मूळचा दोष काही मॉड्यूल भरून काढतात, काही मुद्दाम तसाच ठेवतात, काही त्यासाठी एक खटका देतात. आवाज आत शिरण्याआधी तो किती फुगवायचा यासाठीचा ‘ड्राइव्ह’ नॉब हाही मिनीमोगच्या त्या भरून वाहण्याचा वारसा.

संगणकावर ही शिडी चढवणे आणखी अवघड ठरले. १९९६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तिचे डिजिटल रूप मांडले, तेव्हा अडचण स्पष्ट झाली. खऱ्या शिडीत बाहेर पडणारा आवाज त्याच क्षणी परत आत येतो. संगणकाला मात्र प्रत्येक फेरीत निदान एका आकड्याची वाट पाहावी लागते. तेवढ्या विलंबानेही कटऑफ आणि रेझोनन्स एकमेकांच्या पायात पाय घालतात. गेल्या काही वर्षांत गणिताने ही दरी बरीच बुजवली आहे. डोळे मिटून फरक ओळखणारे आता थोडेच. तरीही मॉड्यूल घेणारे घेतात. माझ्या मते त्यात आवाजाइतकाच वाटा हाताखाली फिरणाऱ्या नॉबचा आहे, आणि तो मान्य करायला हरकत नसावी.

नाव परत कधी मिळाले?

मोग स्वतः या पुनरागमनाचे साक्षीदार होते. ‘बिग ब्रायर’मधून ते पुन्हा थेरेमिन बनवत होते. १९९८ मध्ये त्यांनी ‘मोगरफूगर’ नावाचे छोटे पेटीवजा यंत्र काढले. ते गिटारवादकाच्या पायाशी ठेवता येई. आत होता शिडीचा फिल्टर. २००१ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार, पुढच्या वर्षी तांत्रिक कामगिरीचा ग्रॅमी. आणि २००२ मध्येच, कायदेशीर झगड्यानंतर, अमेरिकेत ‘मोग म्युझिक’ हे नाव त्यांना परत मिळाले. त्याच सुमारास आलेल्या ‘मिनीमोग व्हॉयेजर’च्या पहिल्या काही यंत्रांवर त्यांची सही होती. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते.

२००५च्या वसंतात त्यांना मेंदूच्या कर्करोगाचे निदान झाले. कुटुंबीयांनी इंटरनेटवर प्रकृतीची माहिती द्यायला सुरुवात करताच जगभरातून हजारो संदेश आले. २१ ऑगस्ट २००५ रोजी ॲशव्हिल येथे, वयाच्या ७१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्था आज शाळांमध्ये ध्वनिशास्त्र शिकवते. २०१९ मध्ये ॲशव्हिलला ‘मोगसियम’ हे छोटे संग्रहालयही सुरू झाले. ‘मोग म्युझिक’ ही कंपनी मात्र जून २०२३ मध्ये इनम्युझिक या बड्या समूहाने विकत घेतली.